हट्टी म्हातारी आणि निर्धाराची म्हातारी

कथेतल्या म्हाताऱ्या बाईचं स्वभावचित्र लिहायला सांगितलं की 'ती हट्टी पण प्रेमळ आहे' हे वाक्य हमखास येतं. हट्ट आणि निर्धार वरवर सारखेच दिसतात. दोन्हींत माणूस कुणाचं ऐकत नाही, मागे फिरत नाही. फरक कळतो तो अडचण आल्यावर. हट्टी माणसाला आपला शब्द खाली पडू द्यायचा नसतो. निर्धार केलेल्याला काम व्हायला हवं असतं, मग त्यासाठी वाकावं लागलं तरी बेहत्तर.

अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टी यांच्या 'अ वॉर्न पाथ' (1941) या कथेतली फिनिक्स जॅक्सन घ्या. ही अतिशय वृद्ध कृष्णवर्णीय बाई डिसेंबरच्या थंडीत, हातात काठी घेऊन, नातवाचं औषध आणायला मिसिसिपीतल्या नॅचेझ गावी चालत निघाली आहे. वाटेत ओढ्यावर ओंडका आडवा आहे, तर ती डोळे मिटून तो ओलांडते. काटेरी तारेखालून लहान मुलासारखी रांगत जाते. गावात पोचल्यावर रस्त्यातल्या एका अनोळखी बाईला सरळ सांगते, माझ्या बुटांची नाडी बांधून दे. हट्टी म्हातारी इथेच अडली असती. मदत मागणं तिला कमीपणाचं वाटलं असतं.

ती मागे हटत नाही ती एकाच गोष्टीवरून: जायचं. वाटेत भेटलेला गोरा शिकारी तिला घरी परत जा म्हणतो, सांताक्लॉजला बघायला निघाली असशील म्हणून हसतो, वर बंदूकही रोखतो. त्याच्या लेखी हा म्हातारचळ. तेव्हा कथेत कुणी एखाद्या बाईला हट्टी म्हटलं की आधी बघावं, म्हणणारा कोण आहे आणि त्याला तिच्या कामाबद्दल काय ठाऊक आहे.

याच शिकाऱ्याच्या खिशातून पडलेलं पाच सेंटचं नाणं ती त्याची नजर चुकवून उचलते. स्वभावचित्रात हा प्रसंग सहसा गाळतात, कारण तो 'प्रेमळ आजी'त बसत नाही. मला तो फार मोलाचा वाटतो. निर्धार म्हणजे सद्गुणांचा पुतळा नव्हे, हे तिथे दिसतं. आणि त्या नाण्याची टोचणी तिला लागते, हेही.

खरी पंचाईत दवाखान्यात होते. एवढं चालून आल्यावर आपण कशाला आलो हेच ती काही वेळ विसरते. हेतूच आठवत नसेल तर याला निर्धार म्हणायचं का? निव्वळ सवय का नाही? माझ्या मते हा निर्धारच, पण वारंवारच्या येण्याजाण्याने अंगात मुरलेला. डोकं थकलं तरी पाय वाट विसरलेले नाहीत. आणि थोड्याच वेळात तिला सगळं आठवतं: नातवाने गिळलेला दाहक क्षार, त्याचा आवळत जाणारा गळा.

नातू मुळात जिवंत आहे का, असं वाचक वेल्टींना विचारत. 1974 मध्ये त्यांनी त्यावर निबंधच लिहिला. फिनिक्स जिवंत आहे, हे महत्त्वाचं, असा त्यांचा रोख होता. नातू गेला असेल तर तिचं चालणं वेडा हट्ट ठरेल, असं वाटणाऱ्याने तिच्या बाजूने एकदा कथा वाचावी. तिच्यासाठी तो घरी गोधडी पांघरून वाट बघत बसला आहे, आणि औषध संपलं आहे.