आकुंचन की आकसणे? पित्ताशयाच्या अहवालातील एका शब्दाचा मागोवा

पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘गॉलब्लॅडर कॉन्ट्रॅक्टेड’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा त्या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. स्नायू आकुंचन पावतो आणि काही वेळाने सैल होतो. सुकत घातलेले कातडे आकसते, ते मात्र पूर्ववत होत नाही. मराठीत या दोन क्रियांना दोन शब्द आहेत. वैद्यकाच्या इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द रूढ झाला, आणि त्याचे कारण पित्ताशय पाहण्याची साधने कोणत्या क्रमाने आली यात सापडते.

हा शब्द आधी शस्त्रक्रियेच्या आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर वापरला गेला. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. त्यानंतर 1890 मध्ये बाझेलचे शल्यविशारद लुडविग कूर्व्हाझिए यांनी मुख्य पित्तनलिका तुंबलेल्या 187 रुग्णांचा आढावा घेतला. खड्यांमुळे नलिका तुंबलेल्या 87 जणांपैकी केवळ 17 जणांचे पित्ताशय फुगलेले होते. इतर कारणांनी ती तुंबलेल्या 100 जणांपैकी मात्र 92 जणांचे फुगलेले आढळले. खड्यांच्या वारंवार होणाऱ्या त्रासाने पित्ताशय घट्ट आणि आखूड होत जाते, म्हणून ते फुगू शकत नाही, असे स्पष्टीकरण पुढे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. खड्यामुळे होणारा अडथळा बहुधा अधूनमधून सुटतो, तर गाठीमुळे होणारा सतत वाढत राहतो, हा फरक त्याहून महत्त्वाचा असल्याचे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. काही असो, त्या काळी ‘कॉन्ट्रॅक्टेड’ म्हणजे व्रण होऊन आकसलेले, याबद्दल कुणाला शंका नव्हती, कारण अवयव प्रत्यक्ष हाताला लागत होता.

क्ष-किरणांनी हा अर्थ जवळजवळ उलटा केला. क्लोरीनयुक्त फिनॉल्फथॅलीन पित्तातून बाहेर पडते, हे एबल आणि राउन्ट्री यांनी 1909 मध्येच दाखवले होते. त्याच रेणूला क्ष-किरण अडवणारा जड अणू जोडला तर पित्ताशयाची सावली मिळेल, या कल्पनेवर अमेरिकेतील सेंट लुईस येथे एव्हार्ट्‌स ग्रॅहॅम आणि त्यांचे तरुण सहकारी वॉरन कोल यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. बराच काळ हाती काही लागले नाही. अखेर एका कुत्र्यात पित्ताशय उमटले आणि चौकशी केली तेव्हा कळले की सांभाळणारा नोकर त्या दिवशी त्याला खायला घालायला विसरला होता. ही हकीकत पुढे कोल स्वतः सांगत असत. जेवलेल्या प्राण्याचे पित्ताशय रिकामे होते, त्यामुळे त्यात औषध साठत नाही. आज सोनोग्राफीला ‘उपाशीपोटी या’ असे सांगताना आपण त्या विसराळूपणाचेच ऋण फेडतो, असे म्हणायला हरकत नाही. ग्रॅहॅम आणि कोल यांनी ही पद्धत 1924 मध्ये प्रसिद्ध केली.

पुढे शिरेतल्या औषधाची जागा आयोडीनयुक्त गोळ्यांनी घेतली. आदल्या रात्री गोळ्या घ्यायच्या, सकाळी फोटो काढायचा, मग स्निग्ध आहार देऊन पुन्हा फोटो काढायचा, अशी रीत पडली. अंड्याचा बलक आणि साय यांच्या आहाराने पित्ताशय रिकामे होते, हे एडवर्ड बॉयडन यांनी 1920 च्या दशकात दाखवले होते. आतड्यातून निघणारे जे संप्रेरक हे काम करते, त्याला 1928 मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी कोलेसिस्टोकायनिन असे नाव दिले. दुसऱ्या फोटोत पित्ताशय लहान झालेले दिसले की ते निरोगी समजले जाई, म्हणजे ‘आकुंचित’ हा आता शुभ शेरा झाला. खरोखर आकसलेल्या पित्ताशयात औषध शिरतच नसे, त्यामुळे फोटोत त्याच्या जागी काहीच दिसत नसे. परंतु कावीळ असली, गोळ्या उलटून पडल्या किंवा आतड्यात नीट शोषल्या गेल्या नाहीत, तरीही फोटो असाच कोरा येई.

1970 च्या दशकात करड्या छटांची सोनोग्राफी आली आणि ही अडचण दूर झाली, कारण या तपासणीत औषधाची आणि पित्ताशयाच्या कार्यक्षमतेची गरजच नव्हती. आता जेवणानंतर मिटलेले पित्ताशय आणि वर्षानुवर्षांच्या दाहाने आकसलेले पित्ताशय एकाच पडद्यावर, जवळपास सारख्याच आकारात दिसू लागले, आणि दोन्हींना जुनाच शब्द लागला. वेगळेपण शोधायचे तर तपशील पाहावे लागतात. साधारण 7 ते 10 सेंटिमीटर लांबीचे आणि 30 ते 50 मिलिलिटर पित्त साठवणारे हे पित्ताशय सहा ते आठ तासांच्या उपवासानंतरही भरत नसेल, तर शंकेला जागा आहे. भिंत 3 मिलिमीटरपेक्षा जाड असणे तेवढ्याने पुरेसा पुरावा ठरत नाही, कारण मिटलेल्या निरोगी पित्ताशयाचीही भिंत जाड भासते. खड्यांनी गच्च भरलेल्या आकसलेल्या पित्ताशयात मात्र भिंतीची एक कमान, तिच्याखाली खड्यांची दुसरी चकचकीत कमान आणि मागे काळी सावली असे चित्र दिसते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही खूण ओळखीची झाली. तरी शेजारच्या लहान आतड्यातील हवा हुबेहूब असाच भास निर्माण करू शकते.

कारण पित्ताशयात नसून त्याच्या वरच्या बाजूला असू शकते, हेही हळूहळू ध्यानात आले. तीव्र हिपॅटायटिसमध्ये यकृताकडून पित्त कमी येते. यकृताच्या मुखाशी गाठ असेल तर ते खाली पोचतच नाही. दोन्ही वेळा पित्ताशय रिकामे राहते. क्वचित ते जन्मतःच नसते. अशा रुग्णांच्या अहवालात ‘आकसलेले’ असे लिहिले गेल्यामुळे शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर शल्यविशारदाला ते शोधूनही न सापडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. पित्तनलिकांचा एमआरआय उपलब्ध झाल्यापासून हा प्रसंग बहुतांशी टाळता येतो.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेम्टन उदवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात आणली, आणि या शब्दाचे वजन पुन्हा वाढले. व्रणाने आकसलेले पित्ताशय मुख्य पित्तनलिकेला चिकटलेले असते, त्यामुळे नलिकेला इजा होण्याचा धोका वाढतो आणि कधी पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याची तयारी ठेवावी लागते. म्हणूनच शल्यविशारद अहवाल हातात आल्यावर रुग्णाला आधी विचारतात, की तपासणीपूर्वी तुम्ही शेवटचे केव्हा खाल्ले होते. आणि उत्तरात सकाळचा दुधाचा चहा निघाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटी तपासणी करायला सांगतात.