मुक्त परवाना आणि नाशिकचे साहित्य

आपल्या लेखनाचा, छायाचित्राचा, संगीताचा किंवा चित्राचा प्रताधिकार (कॉपीराइट) स्वतःकडे ठेवून, इतरांनी ती कृती कोणत्या अटींवर वापरावी हे हक्कदाराने सर्वांसाठी आधीच जाहीर करणे म्हणजे मुक्त परवाना. तो असला की दरवेळी फोन करून परवानगी मागावी लागत नाही. ही व्यवस्था प्रताधिकाराच्या विरोधात नाही, त्याच्याच बळावर चालते. ज्याच्याकडे हक्क नाही त्याला परवानाही देता येत नाही. नाशिकची जुनी पुस्तके, कविता आणि छायाचित्रे इंटरनेटवर आणताना गुंता होतो तो बहुधा इथेच. मजकूर चढवणारा उत्साही असतो, मालक दुसराच कोणी असतो.

सॉफ्टवेअरमध्ये ‘जीपीएल’ हा परवाना १९८९ पासून रूढ होता. साहित्य आणि कलेसाठी अमेरिकी विधिज्ञ लॉरेन्स लेसिग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था काढली. तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले, तर सध्याची ४.० आवृत्ती २०१३ ची. मूळ अटी चारच : श्रेय द्या (बाय), बदल केलात तर तोही त्याच परवान्याखाली द्या (एसए), व्यापारी वापर नको (एनसी), बदलच नको (एनडी). यांच्या जुळणीतून सहा परवाने होतात. सगळे हक्क सोडून द्यायचे असतील तर ‘सीसी झीरो’ हे वेगळे साधन आहे. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. मालक आपल्या संकेतस्थळावरून कृती काढू शकतो, पण ज्यांनी ती आधी घेतली त्यांचा वापर अटी पाळल्या जातात तोवर चालूच राहतो. परवाना निवडण्याआधी वाचायची खरी ओळ हीच, आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही.

‘व्यापारी वापर नको’ ही अट हौशी छायाचित्रकारांना सुरक्षित वाटते. तिचा परिणाम मात्र उलटा होतो. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांचे उत्तम छायाचित्र या अटीसह दिले, तर ते विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाची चित्रे जिथे ठेवतात त्या मुक्त संग्रहात, स्वीकारले जात नाही आणि त्यामुळे मराठी विकिपीडियावरील लेखातही सहसा येत नाही. जाहिराती घेणारे स्थानिक वृत्त-पोर्टलही ते वापरून अडचणीत येऊ शकते.

भारतात प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. हा हिशेब नाशिकच्या माणसांना लावला की चित्र स्पष्ट होते. स्वातंत्र्यकवी गोविंद १९२६ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता केव्हाच सर्वांच्या झाल्या. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९४४ मध्ये नाशिकलाच वारले, म्हणून त्यांचे लेखन २००५ पासून खुले आहे. भगूरचे वि. दा. सावरकर १९६६ मध्ये गेले. त्यांच्या हयातीतील प्रकाशित लेखन १ जानेवारी २०२७ पासून खुले. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत थांबायचे. मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला, त्यांच्या कविता व्हॉट्सॲपवर अखंड फिरतात. त्या फिरण्याने त्या मुक्त होत नाहीत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांची गीते २०६४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. त्यांचा परवाना वारसांना किंवा ज्यांना हक्क लिहून दिले त्यांनाच देता येतो. गायकाच्या आवाजाला आणि ध्वनिमुद्रणाला वेगळे हक्क असतात, हे जलशांची जुनी मुद्रणे चढवणाऱ्यांनी विसरू नये. मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात.

हक्क संपला म्हणून प्रत हाती येतेच असे नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आहे. अशा संग्रहातला जीर्ण ग्रंथ स्कॅन करू द्यायचा की नाही, हे संस्था ठरवते. मात्र हुबेहूब स्कॅनवर नवा प्रताधिकार सांगणे कठीण आहे. निव्वळ श्रम पुरेसे नाहीत, किमान सर्जनशीलता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींविषयीच्या खटल्यात म्हटले होते. तोच तर्क इथेही लागू पडावा.

छायाचित्रांबाबत समज आणि कायदा यांत अंतर आहे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचा अल्बम मुक्त परवान्याखाली देण्याचा अधिकार फोटोग्राफरला आपोआप मिळत नाही. सिंहस्थात गोदाकाठी हौसेने काढलेला फोटो मात्र काढणाऱ्याचाच. त्यात कोणाचा चेहरा ओळखू येत असेल, तर त्या माणसाची संमती हा निराळा प्रश्न; क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना त्याची हमी देत नाही.

पांडवलेणी किंवा काळाराम मंदिर यांचे छायाचित्र काढून ते मुक्त परवान्याखाली देण्यात प्रताधिकाराचा अडसर नाही, कारण त्या कृती फार जुन्या आहेत. नव्या इमारतीचे आणि सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या पुतळ्याचे छायाचित्रही प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ खाली घेता येते. उड्डाणपुलाखाली रंगवलेल्या भित्तिचित्राला ही सवलत नाही. चित्रकाराची परवानगी नसेल तर त्याचा जवळून घेतलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवरून काढला जाऊ शकतो.