ट्यूनिंग बॉक्स घेण्याआधी आणि मुख्य म्हणजे बसवण्याआधी हे वाचा

ट्यूनिंग बॉक्स म्हणजे डिझेल इंजिनच्या सेन्सरला जोडून ताकद वाढवणारा डबा, तो आम्ही बनवून विकतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ऑनलाइन आठशे रुपयाला चिप मिळते आणि तुम्ही पंधरा हजार कसले घेता. दुसरा फोन बसवल्यानंतरचा, "चेक इंजिनचा दिवा लागलाय, बॉक्स खराब पाठवलात". दोन्हीची उत्तरं इथे लिहितोय. घाईत असाल तर दिव्याचं आधी वाचा, पैशाचं नंतर वाचलं तरी चालेल.

ते आठशेवाले, ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर लावतो ते) खोचायचे डोंगल, आम्ही बरेच उघडून बघितलेत. आत एक बारकासा आयसी आणि दोन-तीन एलईडी. गाडीचे मोड्यूल एकमेकांशी बोलतात ती कॅन लाइन ओबीडीच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनवर असते, आणि या डोंगलमध्ये त्या पिना बोर्डवर कुठे जोडलेल्याच नव्हत्या. दिवे लुकलुकतात, बास. सोबत लिहिलेलं असतं की थोडे दिवस चालवा मग फरक कळेल, आणि तोवर आपणच पाय हलका ठेवायला लागतो आणि म्हणतो अ‍ॅव्हरेज वाढलं.

त्याच्या वरचा माल म्हणजे रेझिस्टरवाला डबा. तो खोटा नाही, पण आंधळा आहे. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपमधून (रेलमधून) डिझेल मिळतं त्या इंजिनात, त्या पाइपचं प्रेशर मोजणारा रेल प्रेशर सेन्सर साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये सिग्नल देतो, बॉक्स तो थोडा कमी करून दाखवतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं प्रेशर कमी पडतंय आणि तो वाढवतो, मग तेवढ्याच वेळात इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं. सेन्सर १८०० बारचा धरला तर ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे ४५ बार. रेझिस्टरवाला डबा लोड बघत नाही, त्यामुळे चौकात गाडी उभी असताना, आयडलिंगलासुद्धा प्रेशर चढलेलंच, इंजिन खडखडतं. आमचा बॉक्स आयडलिंगला आणि हलक्या लोडला सिग्नल आहे तसा सोडतो, ताम्हिणीच्या चढाला तुम्ही पाय दाबला की मगच हात घालतो.

आता गंमत अशी की आमच्या बॉक्समधला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे त्याचं डोकं, ही सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. पैसे जातात कनेक्टरला आणि हार्नेसला, म्हणजे वायरिंगला. वरचा ०.१ व्होल्टचा हिशोब बघा, जरा गंजलेली पिन, ढिला काँटॅक्ट, की सिग्नल इकडचा तिकडे आणि प्रेशर हेलकावे खायला लागतं. म्हणून सेन्सरला कंपनीने जो कनेक्टर दिलाय त्याच्याच जोडीचा, सिलिकॉन सीलवाला कनेक्टर आम्ही वापरतो, टर्मिनल सोल्डर न करता क्रिंप करतो (वायरवर दाबून बसवतो), कारण सोल्डर वायरच्या तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि व्हायब्रेशनने नेमका तिथेच तुटतो. पार्ट ऑटोमोटिव्ह ग्रेडचे, १२५ डिग्रीपर्यंतचे. साधे कमर्शियल पार्ट ७० डिग्रीचे असतात, घरातल्या सेट टॉप बॉक्सला ठीक आहेत, बॉनेटखाली मे महिन्यात नाहीत. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला यातलं बरंच स्वस्तात मिळतं, आम्हीही टेस्टिंग जिगचं सामान तिथूनच आणतो, पण गाडीत जाणारा माल तिथला नाही.

बोर्डवर रेझिन ओततो त्याबद्दल बरेच जण नाराज असतात, की उघडून रिपेअर करता येत नाही. खरंय, येत नाही. पावसाळ्यात कोकणात उतरणाऱ्या गाड्यांचा विचार करून ओततो, आणि कॉपी होऊ नये हेही एक कारण आहे, लपवत नाही. दोन वर्षांत बिघडला तर रिपेअर नाही, अख्खा बदलून देतो.

आता दिवा. परत आलेले बहुतेक बॉक्स बेंचवर एकदम ठणठणीत निघतात. होतं काय, गाडी बंद केली, किल्ली काढली, लगेच बॉनेट उघडून सेन्सरचा कनेक्टर ओढला. पण किल्ली काढली म्हणून ईसीयू लगेच झोपत नाही, काही मिनिटं जागाच असतो, त्याला एकदम सेन्सर गायब दिसतो आणि तो पी ०१९० ते पी ०१९३ यातला एखादा कोड लिहून ठेवतो. मग दिवा, लिम्प मोड (ईसीयू मुद्दाम ताकद कमी करतो तो), पिकअप गेला, आणि आम्हाला शिव्या. बॉनेट आधीच उघडून ठेवा, मग गाडी लॉक करा, कीलेस असेल तर किल्ली घरात लांब ठेवा, दार मध्ये उघडू नका कारण काही गाड्या दार उघडलं की परत जाग्या होतात, आणि वीस मिनिटं थांबा. चहा घ्या. मग क्लिप दाबून कनेक्टर बॉडीला धरून काढा, वायरला धरून नाही, आणि बसवताना टक् आवाज आलाच पाहिजे. वायर कापून टेपने जोड मारणारे मेकॅनिकही भेटलेत आम्हाला, त्या बॉक्सला वॉरंटी नाही, कितीही ओळख काढली तरी.

दिवा लागलाच तर कुरिअर करू नका. पाकिटात एक छोटा बायपास प्लग आहे, फेकून देऊ नका, याच पद्धतीने बॉक्सच्या जागी तो लावा आणि जवळच्या कुणाकडून स्कॅनरने कोड उडवून घ्या. बायपासवर परत कोड आला तर बॉक्सचा संबंध नाही, सेन्सर नाहीतर वायरिंग बघावं लागेल. बायपासवर गाडी ठीक चालली आणि बॉक्स लावल्यावरच परत कोड आला तर आमचा दोष धरा आणि खुशाल पाठवा. हे न करता पाठवलेला बॉक्स चांगला निघाला तर टेस्टिंगचे ५०० रुपये घेतो, त्यावरून वाद होतात, पण त्यात माणसाचा अर्धा दिवस जातो आणि तुमची गाडी आठवडाभर अडते ते वेगळंच.

अ‍ॅव्हरेजची गॅरंटी देत नाही. क्लच आधीच घसरत असेल तर आधी क्लच करा, बॉक्समुळे तो लवकर जाईल. बीएस६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, तिथे काजळी वाढू नये म्हणून मॅप (बॉक्सचं सेटिंग) मुद्दाम सौम्य ठेवलाय, "अजून वाढवा" म्हणून आग्रह करू नका. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर इंजिनचा क्लेम नाकारू शकतात, हे समजून घ्या.

ऑर्डर देताना गाडीचं मॉडेल, वर्ष, बीएस४ की बीएस६, आणि रेल प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरचा स्पष्ट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. फोटो कनेक्टर न काढता काढायचा.