इनपुट तपासणी (कमांड-लाइन प्रोग्राममधली)

कीबोर्डवरून माणूस काहीही टाइप करो, कमांड-लाइन (नुसतं टाइप करून चालवायच्या) प्रोग्रामच्या हातात पडते ती फक्त अक्षरांची ओळ. तिच्यातून हवा तो आकडा किंवा तारीख निघते का, निघाली तर मर्यादेत बसते का हे बघायचं आणि नाहीच जमलं तर परत विचारायचं, याला इनपुट तपासणी म्हणतात. 'वैधता तपासणी' असंही लिहिलेलं सापडतं, पण सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजातली पोरं 'व्हॅलिडेशन लावलंय का?' एवढंच विचारतात.

यामागची कल्पना बहुतेक ठिकाणी 'गार्बेज इन, गार्बेज आउट' (कचरा घाला, कचराच बाहेर येणार) या वाक्यावर नेऊन टेकवतात, आणि ते वाक्य नक्की कुणाचं यावर एकमत नाही. आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीतल्या जॉर्ज फ्यूशेल यांचं नाव सगळ्यात जास्त वेळा घेतलं जातं, पण १९५७ च्या एका अमेरिकन वर्तमानपत्रात ते छापलेलं आहे आणि तिथं ते आधीच रुळलेल्या बोलीसारखं येतं, त्यामुळं एकाच माणसाला श्रेय देण्यापेक्षा त्या काळच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या बोलण्यातनं ते आलं असावं हे जास्त पटतं. कल्पना तर त्याहून जुनी. गणिती यंत्रं आखणारे चार्ल्स बॅबेज यांनी १८६४ साली लिहून ठेवलंय की ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन सभासदांनी, एक वरच्या सभागृहातला आणि एक खालच्या, त्यांना विचारलं होतं की यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का. आपल्याकडं आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार म्हणतात, पण हे थोडं वेगळं, इथं आडात पाणी असतं पण गढूळ.

सी भाषेत खरी गोची होते. 'स्कॅनएफ'ला (इनपुट वाचणारं फंक्शन) पूर्णांक मागितला आणि समोरच्याने '१२किलो' (इंग्रजी अंकात धरा) टाकलं तर तो १२ उचलतो आणि 'किलो' तसंच पुढच्या वाचनासाठी पडून राहतं, पुढच्या फेरीला तेच अडतं आणि परत विचारणारा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) असेल तर स्क्रीन नुसती धावत सुटते, लॅबमध्ये पहिल्या वर्षाला हे हमखास बघायला मिळतं. मजकुराचा आकडा करणारा 'एटूआय' नुसती अक्षरं दिली तरी गपचूप शून्य देतो, मग माणसाने खरंच शून्य टाकलं की कचरा हे कळायला मार्गच नाही. त्यामुळं 'एफगेट्स'ने पूर्ण ओळ घेऊन 'स्ट्रटूएल'ने आकडा काढायचा आणि मागं काय उरलं ते बघायचं, हाच रस्ता बरा. ओळ वाचणारं जुनं 'गेट्स' तर ओळीची लांबीच बघत नव्हतं, १९८८ चा मॉरिस वर्म (नेटवर्कवर आपोआप पसरणारा प्रोग्राम) ज्या भोकांतनं शिरला त्यातलं हे एक, आणि सी भाषेच्या २०११ च्या मानकात (अधिकृत नियमावलीत) ते फंक्शन काढूनच टाकलं.

आता देवनागरी अंक. पायथॉन भाषेतला 'इन्ट' (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) १२ हे मराठीत टाइप केलं तरी बारा समजतो, एक अंक इंग्रजी आणि एक मराठी असला तरी चालतो. जावाचंही तसंच, पण जावास्क्रिप्टमध्ये 'नंबर'ला हेच दिलं तर 'नॅन' (म्हणजे हा आकडाच नाही) मिळतं. सी भाषेला हे अंक कळतच नाहीत, यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट होतात. पायथॉनमध्ये 'इझडिजिट' (सगळे अंकच आहेत का हे सांगणारं) वापरणारे पुष्कळ आहेत, पण ते वर्गसंख्या दाखवायला वर लिहितात त्या छोट्या २ ला पण अंक म्हणतं आणि पुढं 'इन्ट' फेकतो एरर, शिवाय उणे पाच त्याला अंक वाटत नाही. सरळ 'इन्ट' चालवून चूक पकडावी हे बरं. मार्केट यार्डातल्या माणसाने हळदीचा दर स्वल्पविराम देऊन १६,५०० असा टाकला तर मात्र 'इन्ट' अडतो, आणि साडेबारा क्विंटलला तर कुठलीच भाषा ओळखत नाही.

आकड्यासारखं दिसणारं सगळंच आकडा नसतं. सांगलीचा एसटीडी कोड ०२३३ पायथॉनच्या 'इन्ट'मधून गेला की २३३ होऊन बसतो, आणि 'स्ट्रटूएल'ला पाया (संख्या किती अंकांच्या पद्धतीत आहे ते) शून्य दिला तर तो सुरुवातीच्या शून्यामुळं अष्टमान (आठ अंकांची पद्धत) समजून १५५ काढतो, साताऱ्याच्या ०२१६२ चे त्याच हिशोबाने ११३८. पिनकोड, फोन, गाडीनंबर हे मजकूर म्हणूनच ठेवायचे आणि फक्त लांबी नि अक्षरं तपासायची; ४१६४१६ ची बेरीज कुणाला करायचीय.

परत विचारण्याला मर्यादा ठेवावी. युनिक्सवर कंट्रोल-डी दाबलं की इनपुट संपतं आणि तेव्हाही लूप फिरतच राहिला तर अवघड होतं. इनपुट पाइपमधून (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून थेट) येत असेल तर समोर माणूसच नसतो, तिथं चूक एरर-प्रवाहावर (चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेवर) लिहून शून्य नसलेला कोड (शून्य म्हणजे सगळं ठीक) देत बाहेर पडायचं, पायथॉनचं 'आर्गपार्स' कमांडसोबत दिलेली माहिती चुकली की २ देतं.