इंग्रजी वाक्यशुद्धीतील तुलना

इंग्रजीच्या स्पर्धा परीक्षांत एखादे वाक्य किंवा त्याचा अधोरेखित भाग देऊन पर्यायांतून शुद्ध रूप निवडायला सांगतात. ‘सेंटेन्स करेक्शन’ म्हणजेच वाक्यशुद्धी या नावाने हा प्रश्नप्रकार ओळखला जातो. कर्ता-क्रियापदाचा मेळ, काळ आणि सर्वनामे यांच्या जोडीने त्यात हमखास तपासली जाते ती तुलना. दोन गोष्टी कमी-जास्त, सारख्या किंवा वेगळ्या ठरवायच्या असतील, तर त्या अर्थाने एका जातीच्या आणि रचनेने एका पातळीवरच्या असाव्यात, ही त्यामागची अपेक्षा.

या प्रश्नप्रकाराला सर्वाधिक धार आणली ती जीमॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेने. ही परीक्षा 1954 पासून घेतली जाते. तिच्या वाक्यशुद्धीच्या प्रश्नात पाच पर्याय असत आणि पहिला पर्याय मूळ वाक्याचीच पुनरावृत्ती असे. म्हणजे ‘बदल नको’ हेही एक उत्तर होते, आणि चुका शोधण्याच्या नादात ते निसटून जाई. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीतून हा प्रश्नप्रकार वगळण्यात आला. भारतात मात्र स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षा, बँकभरती, संरक्षण दलांच्या प्रवेश परीक्षा आणि एमपीएससीचे इंग्रजी व्याकरण या ठिकाणी तुलनेचे नियम वेगवेगळ्या रूपांत भेटतच राहतात.

मराठी शाळेत अलंकार शिकताना उपमेय, उपमान आणि साधारण धर्म हे शब्द कानावरून गेलेले असतात. तेच इथे उपयोगी पडतात. ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई’ या वाक्यात उपमेय आहे हवा आणि उपमान झाले आहे शहर. हवेची तुलना हवेशीच व्हायला हवी, म्हणून शुद्ध वाक्य ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’ असे होते. ‘पुणेज क्लायमेट इज बेटर दॅन मुंबईज’ हेही चालते, कारण शेवटच्या षष्ठीच्या रूपात ‘क्लायमेट’ अध्याहृत, म्हणजे न लिहिता गृहीत धरलेले, आहे. ‘दॅन दॅट ऑफ मुंबईज’ मात्र चुकीचे, कारण तिथे मालकी दोनदा दाखवली जाते. घाईत वाचणाऱ्याला हाच पर्याय सर्वांत भारदस्त वाटतो, म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. नाम अनेकवचनी असेल तर ‘दॅट’च्या जागी ‘दोज’ येते. ‘द मँगोज ऑफ देवगड आर स्वीटर दॅन दोज ऑफ रत्नागिरी’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. रत्नागिरीकरांना ते मान्य होईल की नाही हा प्रश्न वेगळा.

वाक्याची सुरुवात ‘लाइक’ किंवा ‘अनलाइक’ने झाली की सापळा अधिक खोल असतो. ‘अनलाइक तुकाराम, मोरोपंत्स पोएम्स आर मोस्टली इन द आर्या मीटर’ या वाक्यात तुकाराम ही व्यक्ती मोरोपंतांच्या कवितांशेजारी उभी केली आहे. दुरुस्ती दोन प्रकारे होते. ‘अनलाइक तुकाराम, मोरोपंत रोट मोस्टली इन द आर्या मीटर’ म्हटले की कवीसमोर कवी येतो. ‘अनलाइक तुकाराम्स पोएम्स’ अशी सुरुवात केली की कवितेसमोर कविता येते. स्वल्पविरामानंतर लगेच येणारे नाम कोणते, एवढे पाहिले तरी अशा प्रश्नांतले दोन-तीन पर्याय बाद होतात.

मराठी भाषकाला ही चूक ऐकताना खटकत नाही, याला कारण आहे. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. ‘मुंबईच्या हवेपेक्षा’ असे म्हणता येते, पण म्हटलेच पाहिजे असे नाही. ऐकणारा ते समजून घेतो. बोलीच्या इंग्रजीतही अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात, पण परीक्षेचे इंग्रजी ही मोकळीक देत नाही. शिवाय मराठीत तुलनेमुळे विशेषण बदलत नाही. ‘चांगला’ हा ‘पेक्षा’ लागल्यावरही ‘चांगला’च राहतो, ‘तर’ आणि ‘तम’ हे संस्कृत प्रत्यय लघुतम, महत्तम यांसारख्या संस्कृतातून आलेल्या शब्दांतच उरले आहेत. मग ‘पेक्षा जास्त’ची सवय इंग्रजीत उतरते आणि ‘मोअर बेटर’ जन्माला येते. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत अशी दुहेरी रूपे चालत असत, आजच्या प्रमाण भाषेत चालत नाहीत. ‘च्या तुलनेत जास्त’ याच्या वळणाने आलेले ‘मोअर ॲज कम्पेअर्ड टू’ भारतीय वर्तमानपत्रांत वरचेवर दिसते, परीक्षेत ते चूक धरतात. ‘मोअर’ आले की जोडीला ‘दॅन’च हवे.

काही वेळा तुलना अशुद्ध नसते, संदिग्ध असते. ‘राजू लाइक्स क्रिकेट मोअर दॅन हिज ब्रदर’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. भावाला क्रिकेटची जितकी ओढ आहे त्याहून राजूला ती अधिक आहे, किंवा राजूला भाऊ आवडतो त्याहून क्रिकेट जास्त आवडते. ‘राजूला भावापेक्षा क्रिकेट जास्त आवडते’ या मराठी वाक्यातही नेमका हाच गोंधळ आहे. इंग्रजीत तो एका सहायक क्रियापदाने सुटतो. ‘दॅन हिज ब्रदर डज’ म्हटले की पहिला अर्थ पक्का होतो.

‘दॅन’नंतर ‘आय’ (I) की ‘मी’ (me), हा वाद जुना आहे. रॉबर्ट लाउथ या इंग्रज धर्मगुरूने 1762 मधील आपल्या व्याकरणात सांगितले की ‘दॅन’नंतरच्या सर्वनामाचे रूप अध्याहृत क्रियापदावरून ठरवावे, म्हणून ‘टॉलर दॅन आय’, कारण पुढे ‘ॲम’ दडलेले आहे. बोलण्यात ‘दॅन मी’च रुळले आहे आणि आधुनिक व्याकरणकारही ते नाकारत नाहीत. भारतीय परीक्षांतून मात्र लाउथची छाया अजून हटलेली नाही, तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘दॅन आय’ लिहावे.

‘लाइक’ आणि ‘ॲज’चा नियमही असाच अर्धा व्याकरणाचा आणि अर्धा प्रतिष्ठेचा. ‘लाइक’नंतर नाम यावे, कर्ता-क्रियापद असलेले उपवाक्य आले तर ‘ॲज’ वापरावे. 1954 मध्ये अमेरिकेत विन्स्टन सिगारेटची जाहिरात आली, ‘विन्स्टन टेस्ट्स गुड लाइक अ सिगारेट शुड’. ‘लाइक’च्या जागी ‘ॲज’ हवे होते म्हणून भाषाशुद्धीवाल्यांनी गहजब केला. कंपनीने पुढे त्या वादाचीच जाहिरात करून घेतली. परीक्षेपुरता नियम पाळावा, पण ‘लाइक’ वापरणाऱ्याला अडाणी समजू नये. उदाहरणे देताना ‘लाइक’ऐवजी ‘सच ॲज’ वापरण्याचा जीमॅटचा आग्रह तर निव्वळ संकेताचा होता.

‘एनी अदर’चा नियम मात्र शुद्ध तर्काचा आहे. ‘मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र’ म्हटले तर मुंबई स्वतःहूनही मोठी ठरते, कारण तीही महाराष्ट्रातच आहे. म्हणून ‘एनी अदर सिटी’. ‘बिगर दॅन एनी सिटी इन गोवा’ म्हणताना ‘अदर’ची गरज नाही.

लॅटिनमधून आलेली ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ ही रूपे मुळातच तुलनावाचक असल्याने ती ‘मोअर’ घेत नाहीत, आणि त्यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे तर ‘टू’ येते. मोजता येणाऱ्या नामांना ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’ हा भेद 1770 मध्ये रॉबर्ट बेकर यांनी आपली पसंती म्हणून मांडला होता. पुढच्यांनी त्याचा कायदा केला. अंतर, रक्कम आणि काळ यांना आकडा असूनही ‘लेस’च लागते. ‘परफेक्ट’, ‘युनिक’ यांसारख्या पूर्णतावाचक विशेषणांची तुलना करू नये असे सांगतात, पण अमेरिकेच्या 1787 मधील राज्यघटनेची उद्देशिका ‘अ मोअर परफेक्ट युनियन’ म्हणते आणि कोणाचे काही अडलेले नाही.

‘ॲज गुड, इफ नॉट बेटर दॅन’ या रचनेत दुसरा ‘ॲज’ गळतो. शुद्ध रूप ‘ॲज गुड ॲज, इफ नॉट बेटर दॅन’ असे. मधला तुकडा काढून उरलेले वाक्य मनात म्हटले की तुटलेला सांधा लगेच कळतो. लांबलचक वाक्यांतही हीच युक्ती चालते, कारण प्रश्न काढणारे उपमेय आणि उपमान यांच्यामध्ये विशेषणे आणि उपवाक्ये कोंबून त्यांना एकमेकांपासून दूर नेतात.

दरवेळी सगळे शब्द परत लिहावे लागतात असेही नाही. ‘मोअर पीपल लिव्ह इन मुंबई दॅन इन नागपूर’ हे पूर्ण आणि शुद्ध वाक्य आहे. ‘दॅन’नंतर ‘लिव्ह’ पुन्हा आणला तर ते उगाच जड होते. काळ बदलत असेल तर मात्र क्रियापद सांगावेच लागते. ‘अनियन्स कॉस्ट मोअर नाऊ दॅन दे डिड लास्ट इयर’ यातला ‘दे डिड’ गाळला तर जमत नाही, कारण वर्तमानकाळी ‘कॉस्ट’ गेल्या वर्षाला लावता येत नाही.