कोरोना, लिव्हर आणि 'गोळ्यांची उष्णता'

'कोरोना छातीचा आजार, लिव्हर बिघडलं ते गोळ्यांच्या उष्णतेनं. काढा घ्या, साफ होईल.' 2020 पासून फिरणारा हा सल्ला अर्धवट आहे, आणि अर्धवट म्हणूनच जास्त पटतो.

रेमडेसिव्हिर या कोरोनावरच्या औषधाने किंवा जास्त पॅरासिटामॉलने यकृताचे एन्झाइम वाढू शकतात, हे खरं. पण औषध सुरू होण्याआधीच, दाखल होतानाच अनेकांचे एसजीओटी-एसजीपीटी (रक्ततपासणीत मोजले जाणारे हेच एन्झाइम) वाढलेले दिसले. रक्तातला ऑक्सिजन घटणं आणि शरीरभर उसळलेली सूज यांचा मार यकृतालाही बसतो. (एसजीओटी स्नायूंतूनही येतं, त्यामुळे एकटा तो आकडा पाहून घाबरू नये.) निरोगी माणसात ही वाढ बहुधा किरकोळ असते आणि आपोआप उतरते.

खरा धोका सिरॉसिस (यकृत कायमचं कडक आणि खराब होणं) असलेल्यांना. लस येण्यापूर्वीच्या काळातल्या, 29 देशांतल्या 745 यकृतरुग्णांच्या नोंदींत सिरॉसिस नसलेल्यांपैकी 8 टक्के दगावले, असलेल्यांपैकी 32 टक्के. यकृत पारच निकामी झालेल्या गटात तर निम्मे. काहींना खोकला नसतानाच पोटात पाणी झालं किंवा भ्रम झाला.

आणि काढा? मुंबईतल्या डॉक्टरांनी 2020 च्या अखेरीस गुळवेल (अशा काढ्यांतली एक वनस्पती) घेणाऱ्या सहा जणांत यकृतदाह नोंदवला. ती वनस्पती खरंच गुळवेल होती का, अशी शंका आयुष मंत्रालयाने घेतली. पुढे देशभरातल्या 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची नोंद केली. तेव्हा कावीळ दिसली तर आधी काढा थांबवायचा, डॉक्टरांना त्याबद्दल सांगायचं, पण चालू औषधं मात्र त्यांना विचारल्याशिवाय सोडायची नाहीत.