खाजेच्या जागीच मलम? खरूज तशी जात नाही

‘आजींना जिथे खाजतंय तिथेच मलम चोळा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आलाय. चूक आहे. खरजेचा किडा कातडीत बीळ करतो. खाज ही शरीराची त्यावरची ॲलर्जी, ती भलतीकडेही सुटते. म्हणून 5 टक्के पर्मेथ्रिनचं (हा किडा मारणारं औषध) मलम अंगभर लावायचं. वयस्कांना तर डोळे-ओठ सोडून चेहरा, टाळू, कानामागेसुद्धा. नखांखाली हमखास राहून जातं! रात्रभर ठेवायचं, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. आठवड्याने पुन्हा एकदा असंच अंगभर. घरातल्या सगळ्यांनी, सांभाळणाऱ्या बाईंनीही, त्याच दिवशी. खाज नसली तरी. नंतर दोन-चार आठवडे खाज राहू शकते, तेवढ्यावरून रोज मलम थापू नका. जाड खपल्या दिसल्या तर मात्र डॉक्टर गाठा.